सरावासाठी मावशी

६ सप्टेंबर, बुधवार
आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्र लिहायचं झालं तर शोधाशोध नको.
लॉ कॉलेजात माझं जनहित वकिली केंद्र सुरू. चौदा विद्यार्थी. सगळे मोठ्या कंपन्यांच्या नोकरीच्या वाटेवर होते, मी गरिबांकडे वळवले. बायको म्हणते, क्रेडिटसाठी आलेत. तिला ध्येयवाद कळत नाही.
संध्याकाळी पक्षकारही मिळाली. शिलाईकाम करणाऱ्या मावशी, सव्वीस वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत. मालकाने केस जिंकली, खोली सोडा असा निकाल. अपील करायचंय. खोली गेली तर मशीन कुठे मांडणार, मग खाणार काय? म्हटलं, मावशी, निर्धास्त राहा. निकालाची मूळ प्रत माझ्या कपाटात, कुलपात.
आमच्या पोरांना पक्षकाराशी बोलायची सवय नाही. तेव्हा दर बुधवारी तिघांनी मावशींची मुलाखत घ्यायची. वीस गुण. चौदाही झाले की सर्वोत्तम मसुदा कोर्टात जाईल. अशी पद्धत दुसरीकडे कुठेच नाही.

१३ सप्टेंबर
पहिल्याने तासभर बालपण विचारलं. मावशी रडल्या. अठरा गुण.
मग 'मौनी'. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून नाव मीच ठेवलंय. तिने एकच प्रश्न विचारला, निकाल कधीचा? मावशी म्हणाल्या, चार तारखेचा. मौनी माझ्याकडे वळून म्हणाली, सर, अपिलाला तीसच दिवस, चार ऑक्टोबरला मुदत संपते आणि आपल्या मुलाखती अकरापर्यंत चालणार. मी समजावलं, आधी नातं, मग तारखा. तीन गुण. हिशोबात पक्की, मायेत कच्ची.

२० सप्टेंबर
मावशींची प्रगती पाहण्यासारखी. आता प्रश्नाआधीच उत्तर देतात. हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना त्यांचा फोटो काढला, वार्षिक अहवालाला होईल. जाताना विचारत होत्या, काम कुठवर आलं? दर बुधवारी मशीन बंद राहते म्हणे. न्यायासाठी थोडी कळ सोसावी लागते, हे मी सांगितलं.

२७ सप्टेंबर
मौनी अपिलाचा मसुदा घेऊन दारात. म्हणते, सनद तुमच्याकडेच आहे, सही करा, उद्या दाखल होईल. मसुदा दीड पान. दीड पानात कुठे न्याय मावतो? शेरे मारून परत दिला.
बायकोने विचारलं, त्या बाईचं अपील चाललंय की तुमचं कौतुक?

४ ऑक्टोबर
परगावी परिसंवाद. माझा विषय: 'वंचितांच्या दारी न्याय'. टाळ्या बराच वेळ. मौनीचे सतरा मिस्ड कॉल. व्यासपीठावर बसून फोन घेणं बरं दिसत नाही.
संकल्प: पुढच्या वेळी कपाटाची किल्ली कॉलेजात ठेवणे. आज चुकून खिशात आली.

१२ ऑक्टोबर
मुदत गेली. आठच दिवस. एवढा बाऊ कशाला? विलंब माफ होतो, कारण तेवढं द्यावं लागतं. मौनी म्हणाली, खरं तेच लिहा, वकिलाच्या चुकीपायी कोर्ट सहसा पक्षकाराला बुडवत नाही. पोरीला अब्रू म्हणजे काय ते माहीत नाही. केंद्र काय एकट्या मावशींसाठी आहे?
मी लिहिलं: अर्जदार निरक्षर आहेत, मुदत कळली नाही, केंद्राकडे उशिरा आल्या. मावशींनी न वाचता सही केली. विश्वास असावा तर असा. केंद्राचं काम कोर्टाच्या नजरेत भरावं म्हणून सोबत रजिस्टर जोडलं.

१९ ऑक्टोबर
न्यायाधीश बाईंनी रजिस्टर उघडलं. मावशींच्या पाच सह्या, ठसठशीत अक्षरात. पहिली तेरा सप्टेंबरची. मालकाच्या वकिलाला तोंडही उघडावं लागलं नाही. बाईंनी मावशींना विचारलं, वाचता येतं? येतं की, म्हणाल्या, आणि आमचा अर्ज मोठ्याने वाचू लागल्या. 'निरक्षर' शब्दाशी थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी फाइल चाळत होतो.
खोटं सांगून सवलत मिळत नाही, असं म्हणून बाईंनी अर्ज फेटाळला.
न्यायव्यवस्थेत संवेदना उरलेली नाही. यावर लेख लिहिणे.

२ नोव्हेंबर
खोली रिकामी झाली. मशीन उचलायला चौदाही जण गेले होते. मला कुणी कळवलं नाही. सगळ्यांनी केंद्रातून नावं काढून घेतली आहेत.
मावशी भावाकडे, जिन्याखाली. मशीन गोणपाटात बांधलेलं, मांडायला जागाच नाही. मी म्हटलं, वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, सर, ती पोरगी पहिल्याच दिवशी सांगत होती, तुम्ही ऐकलं नाहीत, आणि वर मला अडाणी लिहिलंत. एवढं बोलून आत गेल्या.
घरी येऊन लिहितोय. मुदत मला तेरा सप्टेंबरपासून माहीत होती. उशीर मी केला. मावशींकडून काही चुकलं नाही.
तीन आठवड्यांपूर्वी हे अर्जात लिहिलं असतं, तर खोली कदाचित राहिली असती. इथे लिहून त्याचा कुणालाच उपयोग नाही.