तार गिरवण्याचे दिवस

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात.
आमचं काम असं: दोन पदार्थांचे पातळ थर, एकावर एक. दोन्हींतून वीज जात नाही. पण वरून विजेची सुई फिरवली, की दोघांच्या सांध्यात वीज वाहणारी रेघ उमटते. केसाहून कितीतरी बारीक. तीच आमची तार. शुक्रवारी साहेबांना दाखवायची. ज्याची चालेल त्याला मशीन, दुसऱ्याची रवानगी स्टोअरमध्ये.
दुसरी म्हणजे आमची ज्युनिअर. मला काका म्हणते. म्हणू दे.

मंगळवार, ५ मार्च
देवाचं नाव घेऊन सुई टेकवली. तार काढली. मीटर शून्य. मीटर जुनं आहे.
ज्युनिअरची तार चालत होती, पण जरा फिकी वाटली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या सुईने वरून गिरवून दिली. तिला बोललो नाही. उपकार मिरवू नयेत.

बुधवार, ६ मार्च
तिची तार बंद पडली. हवेने रेघ विरते, हे खरं. हात कच्चा, हे जास्त खरं. रडवेली झाली होती. धीर दिला. तिने नवी काढली, तीही गिरवून दिली.
माझं मीटर बदललं. शून्य. नवी मीटरं तकलादू असतात.
घरी बायकोला विषय समजावला. दोन ठोकळे एकत्र ठेवले की मध्ये काहीतरी वाहतं, हे तिला पटेना. म्हणाली, आपल्याकडे तरी तसा अनुभव नाही.

गुरुवार, ७ मार्च
पाठ दुखते. माझं शून्यच. देव परीक्षा बघतो.
तिच्या सगळ्या तारा बंद. म्हणाली, "काका, कोणीतरी पुसतंय हो."
मी म्हणालो, इथे आपण दोघंच. उगाच संशय धरू नये.

शुक्रवार, ८ मार्च
साहेबांपुढे मुद्दाम तिचीच, आज सकाळी नवी काढलेली चालती तार घेतली. गिरवल्याने कशी सुधारते, ते दाखवायला. सुई पुढे सरकली तसं मीटर खाली आलं. शून्य.
ज्युनिअरने माझ्या सुईचं सेटिंग पाहिलं. अधिकच्या जागी वजा. अधिकने रेघ उमटते, वजाने पुसली जाते. आठवडाभर वजाच होतं.
मशीन तिला.
साहेबांनी माझी स्टोअरची चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा तीच म्हणाली, "काकांना राहू द्या, सर. माझ्याही रेघा चुकतात. पुसायला कोणीतरी लागेलच."
घरी सांगितलं, साहेबांनी खास जबाबदारी दिली. बायकोने विचारलं, कसली. फार दमलोय, उद्या सांगतो म्हणालो.