एका माणसाचा आराखडा

अहो,

तुमची मीटिंग लांबली आणि विवरणपत्राची मुदत आज संपत होती, म्हणून कर सल्लागारांकडे मी एकटीच गेले. तुम्ही पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या तिथे नेहमीसारख्या न वाचता सह्या केल्या. मग सल्लागार म्हणाले, "वहिनी, साहेबांनी मार्चमध्ये निवृत्तीचा आराखडा करून घेतलाय, त्यात साठीनंतर घरात एकच माणूस धरलाय. आमच्या टायपिस्टची चूक दिसते. दोन करू ना?" मी हसून म्हटलं, "करा की! मी काय हवा खाऊन राहू?" त्यांनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "एकच राहू द्या. आणि तिला काही बोलू नका."

फोन स्पीकरवर होता.

विवरणपत्र भरलंय, पोच टेबलावर आहे. मी ताईकडे चालले आहे. तुमच्या आईंच्या डोळ्यांत आठ वाजता थेंब घाला, डावा डोळा आधी. एका माणसाला सिलिंडर चार महिने पुरतो, असं तुम्ही त्या आराखड्यात लिहिलंय. तो बदलायचा कसा, ते शेजारच्या काकूंना विचारा.

मी घरात का नाही, हे आई विचारतील. त्यांना तुम्हीच सांगा. तुम्हाला मार्चपासून माहीत आहे, मला आज दुपारी कळलं.