पित्तनळीची गाठ

अण्णा, उंदरांची पित्तनळी बांधणं आम्ही आज कायमचं बंद केलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीचं पत्र वाचल्यावर आधी तुम्हीच आठवलात.

बसवनगुडीतलं आपलं शिंप्याचं दुकान. तुम्ही ब्लाउजला हुक लावताय आणि मी, बोम्मसंद्र्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली, बाकावर बसून रेशमी दोऱ्याच्या गाठी मारतेय. माझ्या गाठी सैल पडायच्या. उंदराची पित्तनळी दोऱ्यासारखीच बारीक. ती बांधली की पित्त तुंबतं, कान पिवळे पडतात आणि काही आठवड्यांत यकृत निबर होत जातं, माणसाच्या जुनाट आजारात होतं तसं. मग त्यावर औषधं तपासायची. तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं, की बारीक ऑपरेशनं शिकतेय. तुम्ही माझ्या हातातून दोरा घेतलात आणि पहिल्या वेढ्याला दोन पीळ द्यायला शिकवलंत. त्यानंतर माझी एकही गाठ सुटली नाही. पोरगी पोटं शिवते, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत सुटलात. शेवटी मला राहवलं नाही. पोटं उंदरांची असतात, बांधते ती त्यांची पित्तनळी, असं मी सांगून टाकलं.

तुम्ही सुई खाली ठेवलीत. "मग सोडवता कधी?"

"महिन्याने," मी म्हटलं. ते खोटं होतं. महिन्याने आम्ही त्यांना मारून यकृत तपासायचो. तुम्ही "सरी, बरं" म्हणालात आणि पुन्हा हुक लावायला लागलात. नंतर कधीच विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं, असं मला वाटतं.

आता आमच्याकडे एक जनुक बदललेले उंदीर आलेत. त्यांना हा आजार आपसूक होतो, हळूहळू. पोट फाडावं लागत नाही. तेही आजारी पडतात, शेवटी तेही मरतात, हे मला माहीत आहे. पण ऑपरेशननंतर पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलेला उंदीर उद्यापासून बघावा लागणार नाही. प्राणीघर सांभाळणाऱ्या अक्कांना हे सांगितलं, तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली. स्वल्प पाणी द्या म्हणाल्या, आणि मग हसायला लागल्या. मीही हसले. किती दिवसांनी छातीवरून काहीतरी उतरलं.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहिता येतंय. त्या ऑपरेशनात माझ्यासारखा हात कुणाचाच नव्हता. बाहेरच्या प्रयोगशाळांतले लोक बघायला यायचे, आणि ते बघताहेत हे मला अगदी शेवटपर्यंत आवडायचं.