बटाट्याच्या शेताची तोंडी परीक्षा

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

इकडे सगळं ठीक, बटाटा फुलावर आहे. पत्रास कारण, कृषी कार्यालयाने नवा फतवा काढलाय. अनुदान ज्याच्या नावावर जमा होतं, त्याने २८ तारखेला स्वतः शेतात हजर राहायचं. साहेब बांधावर प्रश्न विचारणार. उत्तरं आली नाहीत, तर हा शेती करत नाही असं धरून नाव काढणार.

अकरा वर्षं शेत मी कसते, पण वडिलांनी जमीन तुझ्या नावावर केली, म्हणून अनुदान तुला येतं आणि तू न चुकता मला पाठवतोस. ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यात. यंदा अनुदान बुडालं तर नव्या घेता येणार नाहीत, शेत दुसऱ्याला कसायला द्यावं लागेल. तेव्हा सोबतची टिपणं पाठ कर. पाणी ईशान्येच्या कोपऱ्यात साचतं, लावणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, वगैरे. डोकं चालवू नकोस, नुसतं पाठ कर. ते तुला शाळेपासून जमतं.

बायकोला आशीर्वाद सांग.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

टिपणं तोंडपाठ झाली. काल दुकानात एका आजोबांची नजर तपासत होतो. त्यांनी विचारलं, डाव्या डोळ्याला धूसर का दिसतं. मी म्हणालो, ईशान्येच्या कोपऱ्यात पाणी साचतं. ते उठून समोरच्या चष्मेवाल्याकडे गेले. बायको भाजी निवडता निवडता माझी उलटतपासणी घेते.

पण मनाला लागतं. अर्ज तुझ्या नावाने का नको? शेत तू कसतेस असं मी लेखी देतो.

उत्तर लवकर पाठव, रागावून का होईना.

तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.,

पुरे झाला शहाणपणा. सहा वर्षांपूर्वी मी अर्ज केला होता, तुला बोलले नाही. जमीन कोणाच्या नावावर, एवढंच कारकुनाने विचारलं आणि अर्ज परत सरकवला. घरी येऊन रडले होते मी. आता तू खरं बोलायला जाशील आणि तुझंही नाव जाईल. मग आपल्या हातात काय राहील?

बूट घालून येऊ नकोस. वडिलांच्या चपला माळ्यावरून काढून ठेवते.

तुझी ताई

३० मार्च

ती. ताईस सा. न.,

बस सुटली तरी तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तीन उत्तरं मी घडाघडा दिली, साहेब खूश होते. मग त्यांनी सहज विचारलं, गारपीट झाली त्या वर्षी काय केलंत. हे टिपणात नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण गारपिटीच्या दिवशी तू फोनवर सगळं बरं आहे एवढंच म्हणाली होतीस, आणि मी पंख्याखाली बसून चष्मे पुसत होतो. तुझ्यासमोर जीभ रेटेना. म्हणून सांगितलं, शेत माझी बहीण कसते, तिला विचारा.

मग तू साहेबांना सांगितलंस, घरातल्या सगळ्या चादरी तू वाफ्यांवर अंथरल्यास, डोक्यावर घमेलं धरून उभी राहिलीस, नंतर चिखलात बसून एकेक रोप सावरलंस. हे मला साहेबांबरोबरच कळलं. माझी मलाच लाज वाटली. शेत तू कसतेस असं लिहिलेलं संमतीपत्र खिशात होतं, ते दिलं. त्यांनी ठेवून घेतलं, शब्द काही दिला नाही.

हवं तेवढं रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा

३ मे

चि. धाकट्यास अ. आ.,

महिनाभर लिहिलं नाही, कारण शिव्यांशिवाय काही सुचत नव्हतं.

काल अनुदानाची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लागली. दोनदा बोट फिरवलं, तुझं नाव नाही. पायऱ्या उतरत होते, तर त्याच जुन्या कारकुनाने हाक मारली की सही करून जा. मी म्हटलं, आमचं नाव नाही. त्याने मला परत भिंतीपाशी नेऊन सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे माझं नाव होतं. अकरा वर्षं तुझंच नाव शोधायची सवय, स्वतःचं शोधायचं सुचलंच नाही रे.

नळ्या सांगून ठेवल्यात. पुढच्या रविवारी काढणी आहे, बायकोला घेऊन ये. चपला दाराशीच ठेवल्यात. या वेळी प्रश्न मी विचारणार आणि टिपणं मिळणार नाहीत.

माया आहेच, ती लिहायला कशाला हवी.

तुझी ताई