चौथी नळी

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहूनच पाठवते. तुमच्या बंद कारखान्याच्या आवारात आम्ही चार नळ्या पुरल्यात. दर सोमवारी प्रत्येकीत एक बादली पातळ केलेली उसाची मळी तुम्ही ओतायची. कमी नाही, जास्त नाही. तो मातीतल्या जिवाणूंचा खुराक. ते वाढले की पाण्यातलं विषारी पिवळं क्रोमियम हिरवट होऊन मातीला धरून बसतं, आत्याच्या विहिरीपर्यंत वाहत जात नाही.

जूनअखेर विहीर सुधारली नाही तर आमचं प्रदूषण नियंत्रणाचं ऑफिस ती बुजवणार आहे. आत्याला हे तुम्हीच सांगा, माझी हिंमत होत नाही. आईला नमस्कार. तब्येतीला जपा, रागावलात तरी पत्र पाठवा.
तुमची,
ठकू

२६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. मळी वेळच्या वेळी ओततो. तुझ्या जिवाणूंची बडदास्त माझ्यापेक्षा बरी आहे. डॉक्टरांनी माझी साखर बंद केली आणि त्यांना बादलीने गोड! पाणी पांढऱ्या कपात धरून बघतो. तीस वर्षं लोखंडाला क्रोमची चकाकी चढवली, रंगाला माझा डोळा चुकत नाही. पहिल्या तीन नळ्यांतला पिवळेपणा उतरतोय. गंमत बघ, टाकीतलं पाणी हिरवं पडलं, चकाकी धरेना, की आम्ही शिव्या घालायचो, आणि तू त्याच हिरव्यासाठी देव पाण्यात घालून बसली आहेस.

आत्याला सांगितलं. विहिरीचा दोर गुंडाळून खुंटीला टांगला आणि दार लावून घेतलं. थोरल्या बहिणीच्या हक्काने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई बरी आहे. परसातलं तिचं तिसरं लिंबाचं झाडही वाळलं. माझ्या हाताला गुणच नाही, म्हणते. तुझ्या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
बाबा

२० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. तुमचा कप खरा निघाला. तीन नळ्यांचे आकडे सुरेख उतरलेत. चौथी मात्र जिथल्या तिथे. आमचे साहेब म्हणतात, जिवाणू नापास. पंधरा मेच्या अहवालात तसं लिहून टाक. तसं लिहिलं की विहीर गेलीच.

बाबा, चौथीत मळी ओतायला कधी विसरलात का? रागावणार नाही. नकाशावर तुम्ही टाकाऊ पाण्याचा एकच खड्डा दाखवलात, तो पहिल्या नळीपाशी. मग चौथीत हे येतं कुठून? दोन वर्षं या कामावर घासली आहेत मी. आता डोकं चालत नाही. काही आठवलं तर लगेच कळवा, ही विनंती.
तुमची,
ठकू

२८ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. मळीचा एकही सोमवार चुकलेला नाही. चुकला तो नकाशा, आणि तो मी चुकवला.

तू जन्मलीस त्या वर्षी मोठी ऑर्डर होती. ऐन वेळी टाकी बिघडली, पाणी हिरवं पडलं आणि नेहमीचा खड्डा भरलेला. तुझ्या आईला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी चौथ्या नळीच्या वरच्या अंगाला, आपल्या परसाला लागून, दुसरा खड्डा खणला आणि अख्खी टाकी त्यात रिकामी केली. दिसायला हिरवं, पण पिवळं त्यात भरपूर शिल्लक होतं. मला ठाऊक होतं. वर माती लोटली. आई घरी आली आणि तिने नेमकं तिथेच पहिलं लिंबू लावलं, मग दुसरं, तिसरं. मी नको म्हणालो नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

तू नकाशा काढत होतीस तेव्हा बोट तिथवर गेलं आणि मागे आलं. लाज वाटली, दुसरं काही नाही. तुझ्या जिवाणूंना नापास करू नकोस. मला कर, आणि अहवालात लिही. आत्याकडे आत्ता निघालोय. आईला त्यानंतर सांगेन. यापुढेही बाबाच म्हणशील ना?
बाबा

१९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. या खेपेला मी लिहितेय. तुझ्या माणसांनी खड्ड्यातली माती पिंपांत भरून नेली, पाचवी नळी बसली. विहिरीला डिसेंबरपर्यंत मुदत दिल्याचं ऑफिसचं पत्र आत्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तुझ्या बाबांना जेवायला वाढलं आणि पान उचलताना सांगितलं, की विहीर पिण्याजोगी होईपर्यंत कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी रोज तूच आणून द्यायचं. आणतात मुकाट्याने. मळीची बादलीही तेच उचलतात, पण हुकूम माझा.

मलाही त्यांनी सगळं सांगितलं. विष पुरलं त्याचा राग आहेच. पण तीन झाडं गेली, दर वेळी मी आपल्याच हाताला नावं ठेवली आणि हा माणूस शेजारी उभा राहून ऐकत होता! ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. तू त्यांना पत्र मात्र लिही. रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला फाटकापाशी घुटमळतात.

काल पाणी भरून येताना त्यांनी लिंबाचं रोप आणलं आणि पायरीवर ठेवलं. कुंडीत लावलंय. जमिनीत कधी लावायचं, ते तुझा आकडा आला की कळव. त्यांच्या शब्दावर मी लावणार नाही.

वेळेवर जेवत जा.
आई