दोन हंडे घेऊन जिना चढणारी बाई

बाबा,

आज मंगळवार, अठरा तारीख. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि मी कुंडमच्या मुलींच्या वसतिगृहाचा जिना एकेक पायरी करून चढत होतो. बसलो होतो मात्र बड्या फुहाऱ्याच्या चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात, खुर्चीवर. आता नकाशाची सुरळी नसते. अख्खी इमारत ब्राउझरमध्ये उघडते, लोक बातम्या उघडतात तशी. आमच्या आर्किटेक्ट मॅडम इथून भिंत सरकवतात, त्याच वेळी भोपाळचे इंजिनियर साहेब तिथून बीम जाड करतात, आणि दोघांचे बाण नावाची चिठ्ठी लावून एकाच खोलीत फिरताना सगळ्यांना दिसतात. साइटवर कोणाच्या हातात जुनी प्रत राहून गेली, असं आता होत नाही. तुमचा अर्धा जन्म त्या जुन्या प्रती शोधून फाडण्यात गेला.

तुमचं फॅक्टरीतलं ऑफिस मला अजून दिसतं. नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात, तुम्ही उंच स्टुलावर बसला आहात, आणि नववीतला मी सुट्टीत काढलेला जिन्याचा छेद तुमच्यापुढे धरून उभा आहे. मापं बरोबर, अक्षर सुबक, एकही शब्द चुकलेला नाही. तुम्ही बराच वेळ बघता आणि विचारता, "ह्या जिन्यानं कोण चढून राहिलं?" मी म्हणतो, कोणीही. "कोणीही म्हणजे कोणीच नाही. काहून काढला मग जिना?" मग तुम्ही पेन्सिलीने पायरीवर एक बाई काढता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन हंडे, एक हात वर धरलेला. बाजूला लिहिता, हंड्यांसकट साडेसात फूट. तुमच्या प्रत्येक जिन्यात ती असायची. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणायचे, भाऊसाहब, अब इसका ब्याह भी करा दो. तुम्ही हसायचे, आणि शाई फिरवण्याआधी तिला खोडून टाकायचे, कारण मोठ्या साहेबांना असलं चालत नसे. म्हणून तुमच्या एकाही नकाशात ती उरलेली नाही.

तुम्ही गेलात आणि माझं पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षातच सुटलं. इथे मी खोल्यांची नावं टाकतो, दुसऱ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो. प्रत्येक शब्द तीनदा तपासतो, तरी पाठवण्याआधी चौथ्यांदा उघडून बघतोच. आजही मला फक्त "जिना क्रमांक दोन" एवढंच लिहायचं होतं. पण भोपाळच्या साहेबांनी काल संध्याकाळी त्या जिन्यावरचा बीम सहा इंचांनी खाली वाढवलेला दिसला. खाली सात फूट तीन इंच उरले होते. नियमाला तेवढे पुरतात, म्हणून कॉम्प्युटरने हिरवी खूण दिली होती. मी एकदा कुंडमला जाऊन आलो आहे. तिथे लाईट गेली की पंप बंद, आणि स्वयंपाकाच्या बाया डोक्यावरून पाणी वर नेतात. उद्या स्लॅबसाठी शटरिंगच्या फळ्या लागणार होत्या. एकदा स्लॅब ओतला गेला की सगळं संपलं.

मी ती बाई कॉम्प्युटरवर तयार केली. साडेसात फूट. एकेक पायरी चढवत नेली. अकराव्या पायरीवर हंडे बीममध्ये घुसले आणि ती लाल झाली. मीटिंग चालू होती, माझा बाण सगळ्यांना दिसत होता. साहेबांनी विचारलं, ये माताजी कौन हैं? सगळे हसले. मीटिंगमध्ये मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. तरी पाण्याचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, भैया, हाइट नियम से है.

"नियम में सिर खाली है, सर."

नियमातल्या माणसाच्या डोक्यावर काहीच नसतं, हे मी म्हणालो, बाबा. मीच. मग मॅडमचा बाण येऊन बीमपाशी थांबला. "बात सही है. बीम हटेगा." आणि माझ्या डोळ्यांसमोर, पाच मिनिटांत, भोपाळहून बीम जिन्याच्या पलीकडे सरकला. लाल बाई पांढरी झाली आणि हंड्यांसकट सरळ वर गेली. दुसऱ्या जिन्यात तर साहेबांनीच तिला नेऊन उभं केलं. मॅडमनी ठरवलं, इथून पुढे आमच्या प्रत्येक इमारतीत ती असणार आहे, आणि तिला कोणी खोडणार नाही. दुपारी मी दोन प्लेट खोव्याची जलेबी एकट्याने खाल्ली.

हे मी वहीत लिहितो आहे, आणि ते वहीतच राहील. एक गोष्ट मात्र राहिली. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, हे कुठे शिकलास? मी म्हणालो, बस, सूझ गया. त्यांनी त्या बाईच्या खाली, बनवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव टाकलं. ते बदलून तिथे तुमचं टाकायची परवानगी मला आहे. संध्याकाळपर्यंत दोनदा तो रकाना उघडला, वाचला, आणि तसाच बंद केला.