काढून ठेवलेला आवाज

प्रिय बुटके,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझा नवरा दर वेळी सांगतो, ‘ती आंघोळीला गेलीये.’ अगं, इतक्या आंघोळी केल्यास तर विरघळून जाशील, आधीच तू केवढीशी! रागावले नाहीये मी. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा तू रडलीस, मग मीच तुझी समजूत काढत बसले, आणि ते दोघींनाही जड गेलं. पण बातमी आहे ती आहे. पुढच्या महिन्यात माझ्या गळ्यातली गाठ काढणार, आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही. मी बरी होईन असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात. फक्त बोलता येणार नाही. मी, जिला आपल्या कॉन्व्हेंटच्या मदरनी बडबडीपायी वर्गाबाहेर इतकं उभं केलं, की येणारे पालक मला तिथली शिपाई समजून ऑफिसचा रस्ता विचारायचे!

असो. आज रडगाणं नाही. गेले काही दिवस मी जे पाहतेय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये, आणि असं सांगायला मला तुझ्यावाचून दुसरं आहे कोण?

आमच्या घराजवळचं विद्यापीठ तुला आठवतं का? फार मोठं नाही, अगदी लहानही नाही. नाव घेतलं की लोक ‘हो का?’ म्हणतात आणि विषय बदलतात, असं. इतकी वर्षं त्याच्या कुंपणाकडेनं मी भाजीच्या पिशव्या वाहिल्या, आत पाऊल टाकलं नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला तिथल्या वाणी विभागात पाठवलं. तिथे एक मुलगी आहे, तुझ्या धाकटीएवढी. ज्यांचा आवाज जाणार त्यांचा आवाज ती आधीच काढून ठेवते. भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत बसून आपण खूप वाक्यं बोलायची, यंत्र ती ऐकून शिकतं. पुढे आपण टाइप करायचं आणि यंत्रानं आपल्याच आवाजात बोलायचं. तिच्या कानांना सतत हेडफोन असतात. मी आवंढा गिळणार हे माझ्याआधी तिला कळतं. मी तिला कानसेन म्हणते, ती मला काकू म्हणते.

आणि मी घोटाळा काय केला माहीत आहे? वाचायला कागद हातात आला आणि माझ्यातली कॉन्व्हेंटची मुलगी टुणकन उठून उभी राहिली. पाठ ताठ, हनुवटी वर, शेवटचं अक्षर खायचं नाही, स्वल्पविरामाला श्वास! सिस्टरनी वक्तृत्वाला जसं घोटून घेतलं होतं, अगदी तसं वाचलं सगळं. कानसेननं पहिला नमुना तयार करून ऐकवला. यंत्र म्हणालं, ‘मी स्वयंपाकघरात आहे.’ पण कसं? बक्षीस समारंभात पाहुण्यांचं स्वागत करावं तसं! आमचे हे हसून हसून खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. म्हणाले, ‘ही बाई घरात राहायला आली तर मला रोज इस्त्रीचा शर्ट घालावा लागेल.’ कानसेन मात्र हसली नाही. हेडफोन गळ्यात उतरवून म्हणाली, ‘काकू, आवाज तुमचाच आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?’

मग तिनं माझ्या कॉलरला नखाएवढा माइक अडकवला, आपल्या ओळखीच्यांना फोन फिरवले आणि मला विद्यापीठात मोकळं सोडलं. ‘जा, बघा, विचारा. मनात येईल ते बोला. वाचायचं मात्र काही नाही.’

बुटके, मी काय सांगू तुला! एका खोलीत एक बाई आठ पायांच्या कोळ्यांची जाळी कात्रीनं कापते आणि कोळी ती कशी सांधतो हे बघत बसते. सगळं जाळं नव्यानं विणायचं की फाटलं तेवढंच शिवायचं, हे तो कसं ठरवतो, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, ‘अहो, माझ्या मोज्यांच्या बाबतीत माझंही हेच असतं.’ तिनं ते चक्क गंभीरपणे घेतलं आणि मला विचारलं, मग तुम्ही कसं ठरवता? पलीकडच्या इमारतीत एक दाढीवाला काँक्रीटच्या खांबावर हळूहळू भार चढवतो आणि कान लावून बसतो. खांबाला बाहेरून ओरखडासुद्धा नसतो, पण आत बारीक बारीक तडे जात असतात आणि त्यांचा आवाज होतो. त्यानं मला ऐकवला. कोरड्या पाचोळ्यावर मुंगी चालली तर होईल तसा. पूल पडण्याच्या कितीतरी आधी तो असं सांगत असतो म्हणे, ऐकणारा हवा. त्याचीच युक्ती वापरून कानसेन माझे आवंढे माझ्या शब्दांतून वेचून काढते, हे मला मागाहून कळलं.

गणितवाले तर वेगळेच. एक गृहस्थ कितीतरी वर्षं एका गाठीवर विचार करताहेत. कागदावरची गाठ गं, दोरीचीसुद्धा नाही. ती न कापता सुटेल का, एवढंच त्यांना सिद्ध करायचंय. मी म्हटलं, ‘माझ्याही गळ्यात एक आहे, पण तिला कापावंच लागणार.’ बिचारे इतके ओशाळले की त्यांनी मला आपला खडू देऊ केला! इतिहासाच्या मुलीनं शंभर वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांची भांडणं गोळा केली आहेत. कोणाचा कोंबडा, कोणाचं गळकं छप्पर. राजेरजवाडे कोणीही लिहील म्हणते, पण माणसं भिंतीला भिंत लावून कशी राहिली ते कोण लिहिणार?

आणि तळघर. पदार्थविज्ञानाच्या एका म्हाताऱ्या सरांनी मला काचेच्या पेटीसमोर बसवलं आणि दिवा मालवला. पेटीत धुकं कोंडलेलं, बाजूनं तेवढा उजेड. बघता बघता त्या धुक्यात पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. केसासारखी एक, मग दुसरी तिरपी, उमटायची आणि विरायची. सर हळूच म्हणाले, ‘विश्वकिरण. हे आकाशातून येतंय. छपरातून, मजल्यांतून, आपल्यातूनही. आत्ता तुमच्या तळहातातून जातंय, जन्मल्यापासून जातंय.’ मी हात पुढे करून बघत राहिले. काही टोचत नव्हतं, काही कळत नव्हतं. शाळेच्या प्रार्थनेत आपण डोळे मिटून जे वाटायची वाट बघायचो ना, ते मला त्या तळघरात डोळे उघडे ठेवून वाटलं. तोंडातून नुसतं ‘अय्या’ निघालं. साठी उलटलेल्या बाईचं अय्या!

कुंपणापलीकडे हे सगळं चाललं होतं आणि मी दुधीचा भाव करत होते. एवढी माणसं, जेमतेम नावाच्या जागी, एकेका इवल्याशा गोष्टीवर आयुष्य ओतून बसली आहेत. त्यांतल्या किती जणांना उत्तर मिळेल कोण जाणे. विचारलं तर कोणी तक्रार करत नाही, उलट खुर्ची पुढे सरकवतात. मला तर माझं आजारपण काही काळ विसरायलाच झालं.

परवा कानसेननं या सगळ्या भटकंतीतून नवा आवाज तयार केला. आम्ही दोघं गेलो होतो. हे खिडकीशी उभे राहून बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं ते बघत होते. ‘अरे, घासेल, घासेल!’ असं त्यांचं चाललेलं. मागे यंत्र म्हणालं, ‘मी स्वयंपाकघरात आहे.’ आणि हे मागे न वळताच म्हणाले, ‘हो, आलो.’

मग हे बराच वेळ खिडकीकडेच तोंड करून उभे राहिले. कानसेननं हेडफोन पुसायला घेतले, पुसतच राहिली.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. यंत्राला सगळं येतं, हसणं येत नाही. ते वाक्यांतून तयार होत नाही, वेगळं पकडावं लागतं. ह्यांनी आपले ठेवणीतले विनोद सांगितले, मी हसले. कानसेन म्हणाली, ‘काकू, हे सौजन्याचं हसणं आहे. तुम्हाला खरं हसवतं कोण?’ मला एकदम प्रार्थनेच्या दिवशीची ती शिंक आठवली, सिस्टरनी शिंकून मेणबत्ती विझवली होती ती! टाकीमागे जाऊन आपण पोट धरून खाली बसलो होतो, आठवतं? तसं मी नंतर फक्त तुझ्यासमोर हसलेय. म्हणून मी तुझं नाव सांगितलं. ‘मग त्यांना घेऊन या,’ म्हणाली, ‘दोघी बसा आणि गप्पा मारा.’ तेव्हा ये, बुटके, ऑपरेशनच्या आधी ये. माझी समजूत घालायला नको, धीर द्यायला नको, आणि माझ्याकडे बघून कसं वागायचं याचा विचार तर मुळीच नको. आल्यावर तू रडशील अशी भीती वाटत असेल, तर रडून घे. रडणं आमच्याकडे भरपूर रेकॉर्ड झालंय.

तुझीच,
आवाज असेपर्यंत आणि नंतरही,
लंबूटांग